चार दांड्या असूनही आरव्हीतला टीव्ही का अडतो?

उन्हाळ्यात आई-बाबा अमेरिकेत आले तेव्हा आम्ही आठवडाभरासाठी आरव्ही भाड्याने घेतली. आरव्ही म्हणजे स्वयंपाकघर, पलंग, संडास-बाथरूमसकट चाकांवरचं घर. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम दाराबाहेर एका कॅम्पग्राउंडवर मुक्काम होता. जेवणं आटोपली आणि रात्री आठच्या सुमारास आईने माझ्या फोनच्या नेटवर टीव्हीत मालिका लावली. दोन मिनिटं झकास चालली. मग सून दार उघडून काहीतरी महत्त्वाचं सांगणार, तेवढ्यात तिचं तोंड उघडंच राहिलं आणि मधोमध ती गोल चकरी फिरायला लागली. बाबांनी माझा फोन उचलून डोळ्यांजवळ नेला. "अरे, सिग्नलच्या चार दांड्या आहेत की! मग अडलंय कुठे?"

मला तेव्हा धड सांगता आलं नव्हतं. त्यानंतर आणखी तीन-चार सहली झाल्या, बरंच वाचन झालं आणि नको ती खरेदीही झाली. आता सांगता येईल असं वाटतं. इंटरनेट तीन वेगवेगळ्या ठिकाणी अडतं: हवेत, टॉवरवरच्या गर्दीत आणि कंपनीच्या अटींत. दांड्या दाखवतात ते फक्त पहिल्याबद्दल, आणि तेही अर्धवट.

टीव्हीला लागतं तरी किती?

आरव्हीत पिण्या-वापरण्याच्या पाण्याची एक टाकी असते. नळ सोडला की पाणी त्या टाकीतून येतं. बाहेरच्या पाइपाला धार बारीक असली तरी टाकी भरलेली असेपर्यंत आंघोळीला काही कळत नाही. टीव्हीचं तसंच आहे. नेटवरून येणारा कार्यक्रम काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि टीव्ही पुढचे तुकडे आधीच आणून साठवून ठेवतो. या साठ्याला बफर म्हणतात. साठा संपला की चकरी दिसते.

आता धारेचं बघू. चित्र किती बारकाईचं हे ७२०पी, १०८०पी, ४के अशा नावांनी सांगतात, पुढचं नाव आधीच्यापेक्षा लख्ख. नेटफ्लिक्सच्या म्हणण्यानुसार ७२०पी चित्राला सेकंदाला ३ मेगाबिट वेग पुरतो, १०८०पीला ५ आणि ४केला १५. म्हणजे आकडे काही भयंकर नाहीत. वेग मोजणाऱ्या ॲपमध्ये एका क्षणी ६० दिसले म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. टीव्हीला हवे असतात ते दोन तास न तुटणारे ५. क्षणात ६०, क्षणात शून्य असल्या नेटपेक्षा सलग ६ देणारं नेट कितीतरी बरं.

शिवाय प्रत्येक तुकडा भारी, मध्यम, हलका अशा अनेक प्रतींत तयार असतो. धार बारीक झाली की टीव्ही गुपचूप हलकी प्रत मागवतो. चित्र मध्येच पुसट होऊन पुन्हा लख्ख होतं, ते यामुळे.

थेट सामन्याची गोष्ट मात्र वेगळी. जे अजून घडलंच नाही ते साठवणार कसं? तिथे साठा नावापुरताच असतो. म्हणून ज्या नेटवर मालिका सुरळीत चालते त्याच नेटवर मॅच धापा टाकते.

दांड्यांवर विश्वास का ठेवू नये

दांड्यांचं काही सरकारी माप नाही. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. खरं माप डीबीएम या एककात असतं. ते उणे आकड्यांत येतं आणि शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे १०० कामचलाऊ, उणे ११५च्या खाली गेलं की टीव्हीचा नाद सोडलेला बरा. यातली मेख अशी, की दर १० आकड्यांना ताकद दहापट बदलते. उणे ९० आणि उणे ११० यांत वीसाचा नाही, शंभरपटीचा फरक असतो. हा आकडा अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सापडतो, आयफोनमध्ये फील्ड टेस्ट नावाच्या पडद्यावर. आरव्हीच्या आत बघा, मग पायरीवर उतरून बघा. माझ्या हाताने मोजलेला फरक एकदा १४ निघाला होता, म्हणजे पंचवीसपट.

पण आकडा चांगला असूनही अडतंच, कारण गर्दी. पंगत डोळ्यांपुढे आणा. वाढपी एकच आहे. पानावर दहाजण असले तर भात गरम मिळतो, दोनशे असले तर वरण येईपर्यंत भाताचा दगड होतो. वाढपी तुम्हाला दिसतोय, हाक ऐकू जाईल इतका जवळ आहे, तरी पान रिकामंच. चार दांड्या म्हणजे वाढपी दिसतोय, एवढंच. यलोस्टोनचं उद्यान खातंच सांगतं, की उन्हाळ्यातल्या गर्दीत फोन किंवा मेसेज जाईलही, पण फाइल उतरेलच असं नाही. कॅम्पग्राउंडवर तर आठ वाजता शंभर आरव्हींतले शंभर टीव्ही एकदम सुरू होतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मी तीच मालिका त्याच जागी लावून पाहिली. एकदाही अडली नाही.

अजून एक बारकावा. पंगतीच्या पार टोकाला बसलेल्याला वाढायला वाढप्याचा जास्त वेळ जातो. सिग्नल कमजोर असलेल्या फोनला तेवढाच डेटा पोचवायला टॉवरचा जास्त वेळ खर्च होतो. म्हणजे लांब कोपऱ्यात बसून ४के बघणारा स्वतः उपाशी राहतोच, बाकीच्यांचीही पंगत लांबवतो.

नकाशात रंग भरलाय की!

अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाचा ब्रॉडबँड नकाशा आहे. निघण्याआधी तो जरूर बघा, कंपन्यांच्या जाहिरातीतल्या नकाशांपेक्षा बराच बरा. पण रंगाचा अर्थ समजून बघा. त्यात ४जीचा रंग म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट मिळण्याचा हिशेब. ५जीचे दोन दर्जे, एक ७ मेगाबिटांचा आणि एक ३५चा. हा सगळा हिशेब टॉवरवर निम्माच भार आहे असं धरून केलेला. जुलैतल्या शनिवारी रात्री आठ वाजता भार निम्मा असतो होय? शिवाय नकाशात "बाहेर उभं राहून" आणि "गाडीत बसून" असे दोन पर्याय आहेत. आपल्याला दुसराच लागू.

काही ठिकाणी तर रंगच नाही. यलोस्टोनमध्ये ओल्ड फेथफुलपाशी, मॅमथपाशी फोन लागतो, लामार दरीत लांडगे दिसतील पण रेंज दिसणार नाही. व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवर सुमारे १३,००० चौरस मैलांचा एक टापू १९५८ सालापासून रेडिओ-शांत ठेवला आहे, ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीला अवकाशातली कुजबुज ऐकू यावी म्हणून. त्या दुर्बिणीच्या आसपास रेंज शोधत फोन वर करून फिरणारा माणूस हा त्या शास्त्रज्ञांचा शत्रूच.

'अनलिमिटेड' घेतलंय, मग?

अमर्याद काय आहे हे वाचायला चष्मा लावावा लागतो. फोनवर वापरलेला डेटा आणि फोनचा हॉटस्पॉट करून टीव्हीला दिलेला डेटा यांचा हिशेब बहुतेक प्लॅनमध्ये वेगळा असतो. फोनला अमर्याद, हॉटस्पॉटला ठरावीक जीबी. ते संपले की नेट बंद होत नाही, पण वेग इतका पाडतात की टीव्ही सोडा, नकाशाही रखडत उघडतो.

मग किती जीबी पुरतील? नेटफ्लिक्सच्याच आकड्यांनी, एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खातं, ४के ७ जीबीपर्यंत. रोज दोन तास धरले तर महिन्याला एचडीत १८० जीबी. मात्र नेटफ्लिक्सच्या वेबसाइटवर आपल्या खात्यातल्या डेटाच्या सेटिंगमध्ये 'मध्यम' निवडलं तर तासाला सुमारे ०.७ जीबी, म्हणजे महिन्याला ४२. आरव्हीतला टीव्ही असतो केवढा? दहा फुटांवरून बघितलेल्या लहान पडद्यावर माझ्या डोळ्यांना तरी फरक कळत नाही. ही सेटिंग बदलायला पैसा लागत नाही आणि तरी ती कोणीच बदलत नाही, याचं मला नवल वाटतं.

दुसरी अट प्राधान्याची. गर्दी झाली की काही प्लॅनवाल्यांना कंपनी रांगेत मागे ढकलते. वाढपी आधी मानाच्या पंगतीत जातो आणि उरलंसुरलं इकडे येतं. रिकाम्या रस्त्यावर हे जाणवतही नाही. जाणवतं ते नेमकं कॅम्पग्राउंडवर. तिसरी अट चित्राची: काही प्लॅन व्हिडिओ ओळखून ४८०पीवरच रोखतात, वेग कितीही असो.

घरासाठी मिळणारा इंटरनेटचा डबा उचलून गाडीत ठेवावा, ही युक्ती सगळ्यांनाच सुचते. तो बहुधा एका पत्त्याशी बांधलेला असतो. फिरवला तर चालेल, न चालेल, किंवा महिनाभर चालून भर जंगलात बंद पडेल. प्रवासासाठीचे वेगळे प्लॅन मिळतात, तेच घ्यावेत.

पत्रा, झाडं आणि बूस्टरचा मोह

रेडिओलहरींचा स्वभाव माणसांसारखाच. ६०० ते ८५० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, झाडापानांतून, भिंतींतून वाट काढतात, पण त्यांच्या पाठीवर ओझं थोडंच मावतं. २.५ गिगाहर्ट्झच्या किंवा ३.७च्या पुढच्या लहरी गाडीभर माल आणतात, पण टेकडी किंवा दाट झाडी आली की दमतात. खेड्यापाड्यात फोनवर ५जी लिहून येतं ते पुष्कळदा पहिल्या जातीचं असतं. त्याचा वेग बघून "हेच का ते ५जी?" असं वाटतं, ते उगाच नाही.

त्यात आरव्हीचा सांगाडा. फायबरग्लासच्या भिंतींतून लहरी बऱ्यापैकी येतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची गाडी असेल, उदाहरणार्थ ती चकचकीत एअरस्ट्रीम, तर आपण राहायलाच डब्यात गेलो. लहरींना खिडक्या तेवढ्या उरतात. म्हणून अँटेना छतावर, पत्र्याच्या बाहेर हवा.

इथे लोक बूस्टर घेतात. मीही घेतला. बूस्टर म्हणजे बाहेरचा सिग्नल पकडून, मोठा करून आत पुन्हा सोडणारं यंत्र. लावला आणि दांड्या दोनाच्या चार झाल्या, बाबा खूष. वेग मोजला तर आधीपेक्षा कमी! कारण समजायला मला दोन दिवस लागले. आजचे फोन आणि राउटर एकाच वेळी दोन किंवा चार अँटेनांनी ऐकतात आणि प्रत्येकावर वेगळा माल घेतात. गाडीत लावायचा साधा बूस्टर हे सगळं एकाच नळीतून आत आणतो. चार नळांचं पाणी एका नळीत कोंबलं तर जोर वाढेल, पाणी नाही. शिवाय बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही मोठा करतो, आणि २.५ गिगाहर्ट्झ किंवा ३.७च्या पुढचे पट्टे बहुतेक बूस्टरच्या आवाक्यातच नसतात. सिग्नल अगदीच मरतुकडा असेल, फोन लागत नसेल, तिथे बूस्टर देवासारखा. टीव्हीसाठी मात्र सिम घालायचा राउटर आणि त्याला थेट जोडलेला छतावरचा दोन किंवा चार तारांचा अँटेना हे जास्त चालतं. तारा आखूड ठेवा. लांब, बारीक तार मिळालेला सिग्नल वाटेतच गिळते.

राउटरचा एक घरगुती फायदा सांगायला हवा. वायफायचं नाव कायम तेच राहतं, त्यामुळे टीव्ही, टॅबलेट, आईचा फोन यांना दर मुक्कामी नव्याने पासवर्ड द्यावा लागत नाही. आणि त्यात दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवता आली तर एका दरीत एक, दुसऱ्या दरीत दुसरी कामाला येते.

सरळ स्टारलिंकच घेतलं तर?

पैशाची तयारी असेल तर जरूर. स्टारलिंक म्हणजे गाडीबाहेर ठेवलेल्या तबकडीने उपग्रहांकडून घेतलेलं इंटरनेट. जुनं उपग्रह-इंटरनेट ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावरून यायचं. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात. त्यामुळे टॉवर नसलेल्या वाळवंटातही टीव्हीला पुरून उरेल एवढं नेट मिळतं. आरव्हीवाल्यांसाठी ही सेवा २०२२ साली सुरू झाली आणि मोकळ्या माळावर मुक्काम करणाऱ्यांचं जगच बदललं.

अडचण झाडांची. उपग्रह सतत सरकत असतात आणि तबकडी एकावरून दुसऱ्यावर उडी मारत असते. उघडं आकाश हवं, अमेरिकेत मुख्यतः उत्तरेकडचं. मधे एक उंच पाइन आला की दर थोड्या वेळाने काही सेकंदांचा खंड पडतो. मालिकेला तो साठ्यामुळे कळत नाही, मॅचला लगेच कळतो. म्हणजे गर्द सावलीची सुंदर जागा आणि टीव्ही, दोन्ही मिळणं कठीण. लांब तार घेऊन तबकडी उन्हात नेऊन ठेवणारे शेजारी मी पाहिले आहेत.

दुसरी अडचण विजेची, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. नेहमीची तबकडी ७५ ते १०० वॅट खाते, छोटी 'मिनी' २५ ते ४०. कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी असते तेव्हा प्रश्न नाही. माळावर बॅटरीच. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२०० वॅट-तास असतात, पण ती जुन्या शिसे-आम्लाची असेल तर निम्मेच वापरावेत, म्हणजे ६००. मोठी तबकडी ९० वॅट धरून चार तासांत ३६० गेले. टीव्ही ४० वॅटने १६०. झाले ५२०, आणि अजून पाण्याचा पंप, दिवे, हीटरचा पंखा बाकी. पहाटे थंडीत पंखा कण्हायला लागतो तेव्हा रात्रीच्या सिनेमाचं बिल कळतं. मिनी घेतली तर तेवढ्याच वेळात १२० वॅट-तासांत भागतं.

कॅम्पग्राउंडचं वायफाय असतं ना?

असतं. मेल बघा, हवामान बघा. एकच जोडणी शंभर गाड्यांत वाटलेली असते, आणि ऑफिसपासून आपली जागा जितकी लांब तितका दुष्काळ. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

नेट चाललं, आता टीव्हीच विचारतो: तुम्ही कुठे आहात?

सगळं जुळलं तरी हा शेवटचा दरवान उभा असतो. नेटफ्लिक्स २०२३पासून अमेरिकेतही एका खात्याला एक घर मानतं. पडदा घराबाहेरच्या नेटवर बराच काळ दिसला की कोड मागू शकतं. तो ईमेलवर किंवा फोनवर येतो, म्हणून खातं ज्याच्या नावावर आहे तो माणूस जागा असलेला बरा. थेट वाहिन्या देणाऱ्या सेवा आपलं ठिकाण बघून स्थानिक वाहिन्या ठरवतात. मोबाइल नेटचा पत्ता पुष्कळदा शेकडो मैल दूरच्या शहराचा दिसतो, कारण कंपनी सगळी रहदारी तिथल्या केंद्रातून फिरवते. मुक्काम डोंगरात आणि बातम्या भलत्याच शहरातल्या ट्रॅफिकच्या, असं झालं तर टीव्ही बिघडलेला नाही.

छतावर फुकटचा टीव्ही बसलाय

सगळा खटाटोप करताना लोक हे विसरतात, की बहुतेक आरव्हींवर हवेतून वाहिन्या पकडणारा अँटेना कंपनीनेच बसवलेला असतो. अमेरिकेत १२ जून २००९ला मोठ्या केंद्रांचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं आणि डिजिटल तेवढं उरलं. शहरापासून तीस-चाळीस मैलांत असाल तर बातम्या, हवामान आणि बरेच सामने एचडीत, एकही जीबी न खर्चता मिळतात. गर्दीचा प्रश्नच नाही. शंभर टीव्हींनी एकदम लावलं तरी प्रक्षेपणाला फरक पडत नाही, रेडिओसारखं.

फक्त दोन गोष्टी. टीव्हीजवळ भिंतीवर, तार जोडायच्या भोकापाशी, एक इवलंसं बटण आणि दिवा असतो. तो अँटेनाच्या ॲम्प्लिफायरचा. दिवा बंद असताना वाहिन्या शोधल्या तर शून्य सापडतात. आमची पहिली संध्याकाळ त्यात गेली. आणि शोध दर नव्या मुक्कामी पुन्हा चालवावा लागतो, कारण गावागणिक वाहिन्या बदलतात. अँटेना वर करायचा हॅंडल असेल तर निघताना तो खाली करायला विसरू नका. पहिल्याच झाडाच्या फांदीला तो देऊन बसलेला माणूस आम्हाला पेट्रोल पंपावर भेटला होता.

आता आम्ही काय करतो

निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर आईच्या मालिकेचे आठ-दहा भाग टॅबलेटवर उतरवून घेतो. टॅबलेटची तार टीव्हीला लावली की झालं, मात्र ॲप उतरवलेलं तारेवरून दाखवू देतं का, हे घरीच तपासून बघावं. उतरवलेल्या भागांना मुदत असते, काही एकदा सुरू केले की ४८ तासांतच संपतात, म्हणून उगाच उघडून बघायचे नाहीत. बातम्यांना छतावरचा अँटेना. मॅच असेल त्या दिवशीचा मुक्काम रेंज बघून ठरवतो, आणि भारतातली संध्याकाळची मॅच इथे सकाळी येत असल्यामुळे टॉवरही रिकामा असतो. बूस्टर विकून टाकला.

गेल्या वेळी यलोस्टोनच्या आत, एकही दांडी नसलेल्या जागी, आई आरामात मालिका बघत होती. बाबा फोन वर धरून दारात उभे. "हिचं चालतंय आणि माझा एक मेसेज जात नाही. हे कसलं नेट?" मी टॅबलेटकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "मग मॅचपण भरून आणायची होतीस."